गणिताच्या पेपरात 'येत होतं पण चुकलं' : तुमचे अनुभव सांगा

लेकीचा सहामाहीचा बीजगणिताचा पेपर काल घरी आला. वर्गसमीकरणाचे सहगुणक 2, −3, −5. विवेचक (b² − 4ac, मुळे वास्तव आहेत का ते यावरून कळतं) 9 + 40 यायला हवा. हिने 9 − 40 केलं आणि 'मुळे वास्तव नाहीत' लिहून पुढे गेली. सूत्र पाठ, रीत पाठ, फक्त −5 मधलं उणे गळलं.

मला आमच्या शिकवणीच्या बाई आठवल्या. त्या कुणालाच धांदरट म्हणायच्या नाहीत. वहीच्या शेवटच्या पानावर चुकीची जात लिहायला लावायच्या : चिन्ह, एकक, उतरवताना, वाचताना. परीक्षेपर्यंत ज्याला त्याला आपली जात कळलेली असायची आणि शेवटच्या दहा मिनिटांत तेवढंच तपासायचं. अख्खा पेपर पुन्हा वाचून काही सापडत नाही, डोळ्यांना तेच बरोबर दिसतं. तुमच्या घरी काय करता?

दोन मुलांची आई
आमचा वाचताना चुकतो. वर्तुळाचं क्षेत्रफळ काढताना व्यास 7 दिला की त्रिज्या 7 धरून 154. खरं उत्तर 38.5. आणि 154 इतकं छान पूर्णांकात येतं की शंकाच येत नाही! आता प्रश्न वाचतानाच 'व्यास'खाली रेघ मारतो. कुकर झाला, येते नंतर.

पेपर तपासणारी
दहावीला एका भागाचे 40 गुण आणि 2 तास. उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण मिळतात, म्हणून पायऱ्या गाळू नका. बहुपर्यायीत मात्र पहिलं लिहिलेलंच उत्तर धरतात, खोडून दुसरं लिहून उपयोग नाही. कळकळीने सांगते, मुलं तिथेच फार हळहळतात.

सेमीवाल्याचा बाबा
पाचवीत सेमीला गेला तेव्हा मराठी १ आणि इंग्रजी 9 यांचा घोळ वर्षभर चालला. आकडेमोड बरोबर, उतरवताना गडबड. चौकटीच्या वहीत एका घरात एकच अंक, याने सुटलं.

आजोबा
ताळा करायला शिकवा हो कुणीतरी! 347 × 26 = 9022. एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज करायची : 347 चे 14 म्हणजे 5, 26 चे 8, त्यांचा गुणाकार 40 म्हणजे 4. इकडे 9022 चे 13 म्हणजे 4. जमलं.

पेपर तपासणारी
काका, सुंदर. पण 9202 लिहिलं तरी ताळा जुळतो, अदलाबदल त्यात पकडता येत नाही. वेळ असेल तर उलट भागून बघावं.

आजोबा
बरोबर आहे बाई. आम्हाला पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्धा, दीड यांचे पाढे) सगळं तोंडपाठ होतं. नातवाला दिडकी म्हणून दाखवली, तो बघतच राहिला.

मिरजकर
दिडकी कुणाला पूर्ण येत असेल तर लिहून द्या ना, आईला हवी आहे.

दोन मुलांची आई
आले. धागा काढणाऱ्या ताई, लेकीला रागावू नका हं. नववी-दहावीत पोरी आधीच खूप घाबरलेल्या असतात.

मिरजकर
उद्या आमच्या भाचीचा भूमितीचा पेपर आहे. रचनेतले कंपासाचे कंस पुसायचे का? ती नीटनेटकं दिसावं म्हणून पुसते.

पेपर तपासणारी
अजिबात नाही! कंस दिसले तरच रचना केली हे कळतं. आत्ताच फोन करा तिला.