मुलाखतीसाठी फॉर्मल शर्ट: तयार घ्यावा की शिवून?

बी-४०२: नमस्कार, सोसायटीतली मंडळी. पुढील महिन्यात मुलाच्या कॉलेजमध्ये नोकरीच्या मुलाखती सुरू होत असल्याने त्याच्यासाठी दोन फॉर्मल शर्ट घ्यायचे आहेत. काल आपल्या सोलापुरात नवी पेठेत बरेच शर्ट घालून पाहिले. ३९ नंबरचा खांद्याला आवळतो आणि ४० नंबरचा पोटाशी फुगतो. लहान घ्यावा, मोठा घ्यावा की सरळ कापड घेऊन शिवावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ए-३०४: वहिनी, हल्लीची मुले अंगासरशी बसणारेच शर्ट घालतात. ३९ घ्या, चार वेळा घातला की सैल होईल.

ए-१०३: दादा, रागावू नका, पण सुती शर्ट वापरून सैल होत नाही, पहिल्या एकदोन धुण्यांत उलट थोडा आटतोच. वहिनी, शिवणाच्या कारखान्यात आयुष्य गेल्यामुळे सांगतो की नंतर ज्याची दुरुस्ती धड होत नाही ते आधी पाहावे, आणि तशा गोष्टी दोनच आहेत, खांदा आणि कॉलर. खांद्याची शिवण खांद्याचे हाड संपते तिथेच यावी. ती दंडावर उतरली तर शर्ट थोरल्या भावाचा वाटतो आणि मानेकडे सरकली तर हात पुढे करताच पाठ ताणते. मोठा खांदा लहान करायचा म्हणजे बाही उसवून मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल काप, नव्याने कापावा लागतो, आणि लहान खांदा मोठा करायला तर कापडच शिल्लक नसते. घेराचे तसे नाही. काखेपासून खालपर्यंत बाजूच्या शिवणी आत घेतल्या की काम झाले. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच दाबला तरी पुढचा आणि मागचा असे दोन्ही पदर दाबले जात असल्याने एकूण घेर दोन इंचांनी कमी होतो. सिद्धेश्वर यात्रेतली बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा पांढरा अंगरखा, बंद ओढून हवी तशी अंगाशी आणता येते, शर्टाला ती सोय नाही, म्हणून टेलर लागतो.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. बहुतेक कंपन्यांच्या फॉर्मल शर्टावरचा ३९, ४०, ४२ हा आकडा कॉलरचा सेंटिमीटरमधला घेर असतो, छातीचे इंच नव्हेत. ३९ म्हणजे सुमारे साडेपंधरा इंच आणि ४० म्हणजे पावणेसोळा. त्यामुळे वरचे बटण लावून पाहिल्याशिवाय शर्ट घेऊ नये. आत दोन बोटे सहज जावीत. तिसरेही गेले तर टाय बांधल्यावर कॉलर गोळा होते.

सी-२०१: काकांचे बरोबर आहे. फक्त मुंढ्याचे जोडते, कारण गिऱ्हाइकांचा गैरसमज नेमका तिथे असतो. मुंढा खोल असला की मोकळे वाटेल असे लोकांना वाटते, पण खोल मुंढ्याच्या शर्टात हात वर केला की बाहीबरोबर सगळा शर्ट वर ओढला जाऊन पँटमधून बाहेर येतो. मुंढा काखेच्या जवळ असेल तर शर्ट जागचा हलत नाही. ट्रायल रूममध्ये शर्ट आत खोचून दोन्ही हात वर करायला आणि स्टुलावर बसायला सांगा. बसल्यावर पोटावरची बटणपट्टी फाकता कामा नये. कफ मनगटाच्या हाडापाशी थांबावा आणि बटण लावल्यावर तळहातावर घसरू नये.

बी-४०२: ताई, काका, मनापासून आभार. कापड कोणते पाहावे? तो घामाने फार हैराण होतो.

सी-२०१: वहिनी, आपल्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असताना पॉलिएस्टर जास्त असलेले कापड घाम शोषत नाही, मग ते कितीही कमी चुरगळो. शुद्ध सुती पॉपलिन, म्हणजे साध्या घट्ट विणीचे कापड, घ्या. चादरीच्या गावात काउंट समजावून सांगायला नको, एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात तो आकडा, म्हणजे आकडा मोठा तसे सूत बारीक. साठ ते ऐंशी काउंटचे कापड अंगावर हलके असते. शंभरच्या पुढचे छान दिसते, पण रोज इस्त्री मागते. रंग पांढरा आणि एक फिका निळा पुरे. मध्यम निळ्या व करड्या रंगांवर काखेतला घाम लगेच उठून दिसतो. पांढऱ्याखाली पांढरी बनियन झळकते, त्वचेच्या रंगाची घ्या.

ए-३०४: आणि शिवायचाच झाला तर कापड किती लागेल?

ए-१०३: ५८ इंच पन्ह्याचे (रुंदीचे) असेल तर पूर्ण बाहीला साधारण १.६० मीटर, ३६ इंची असेल तर सव्वादोन मीटर. उंच मुलाला थोडे जास्त. कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवूनच टेलर मास्तरांकडे द्यावे. शिवणारे कॉलरमध्ये हलक्या प्रतीचे बकरम (कॉलर ताठ ठेवणारे आतले कापड) घालू पाहतील, ते धुतल्यावर फुगे धरते. त्यामुळे बकरम चांगले घालायला आधीच बजावून सांगावे, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

बी-४०२: आज पुन्हा घालून पाहिला. ४० नंबरच्या कॉलरमध्ये दोन बोटे जातात, तिसरे जात नाही. खांद्याची शिवणही हाडावरच येते. फक्त घेर फुगतो आणि बाही अंगठ्याच्या मुळापर्यंत उतरते.

ए-१०३: मग शिवायच्या भानगडीत पडू नका, ४० नंबरचे दोन्ही तयारच घ्या. एकदा धुवा आणि मगच टेलरकडे न्या. घेर बाजूने आत घ्यायला सांगा आणि बाही कफ उसवून कफाच्या बाजूने लहान करायला सांगा. घेर फार दाबू नका, खाली बसल्यावर मोकळा श्वास घेता आला पाहिजे.