थॅचरबाईंचं आईस्क्रीम आणि लायन्सची प्रयोगशाळा

चहाबाज: लंडनच्या हॅमरस्मिथमधल्या कॅडबी हॉलचा विषय निघाला की गाडी हमखास ब्रिटनच्या माजी पंतप्रधान थॅचरबाईंवर येते. म्हणे त्यांनी तिथे सॉफ्ट आईस्क्रीमचा शोध लावला. साफ थाप! चार्ल्स कॅडबी या पियानोवाल्याची ही जागा पुढे जे. लायन्स कंपनीकडे आली. लंडनभर चहाची दुकानं चालवणारी, ब्रेड, केक, आईस्क्रीम बनवणारी कंपनी. १९१९ साली लेस्ली लॅम्पिट या रसायनतज्ज्ञाला हाताशी धरून तिने प्रयोगशाळा काढली. मार्गारेट रॉबर्ट्स (लग्नाआधीच्या थॅचरबाई) तिथे होत्या फक्त १९४९ ते ५१. सॉफ्ट आईस्क्रीम तर अमेरिकेत तिसाच्या दशकातच विकलं जात होतं. त्या जागेवर पाटी लावायची तर लॅम्पिटची लावा.

मुलुंडकर: थाप असेलही, पण त्या थापेवरूनच तुम्ही धागा काढलात ना? लॅम्पिट हे नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं. नुसती त्याची पाटी लावली तर वाचायला थांबणार कोण?

लॅबवाली: अगदीच थाप नाही हो. १९५१ मध्ये जेलिनेक आणि रॉबर्ट्स या दोघांचा शोधनिबंध छापून आलाय. मोनोस्टिअरिनचा एका रेणूइतकाच जाड थर पसरायचा आणि अल्कलीने त्याचा साबण कसा होतो ते बघायचं, असं ते काम. घरातला आईस्क्रीमचा डबा फिरवून बारीक अक्षरं वाचा. बहुतेक डब्यांवर ‘इमल्सिफायर (४७१)’ दिसेल, म्हणजे स्निग्धांश आणि पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ. मोनोस्टिअरिन त्याच कुळातलं. घुसळताना आत गेलेली हवा टिकायला त्याची मदत होते.

चहाबाज: ४७१ मान्य. पण कढीपत्त्यावर निबंध लिहिला म्हणून कढीचा शोध लागला असं होतं का?

जुना_प्रोग्रामर: तुमचं आईस्क्रीम राहू दे बाजूला. लायन्सचा लिओ कॉम्प्युटर याच कॅडबी हॉलमधला. १९५१ च्या नोव्हेंबरात त्यावर बेकरीचा हिशेब चालला, धंद्याच्या रोजच्या कामाला कॉम्प्युटर लावायची ती सुरुवात. पाटी त्याचीच हवी.

चहाबाज: लिओ ऑफिसवाल्यांचा. धागा प्रयोगशाळेचा आहे, तुम्ही वेगळा काढा.

लॅबवाली: पाटी लावणार कुठे पण? १९८३ मध्ये कॅडबी हॉल पाडला. गंमत म्हणजे त्याच वर्षी रॉयल सोसायटी या ब्रिटनच्या मानाच्या विज्ञानसंस्थेने थॅचरबाईंना फेलो करून घेतलं. त्या मानाबद्दल माझं मत विचारू नका, एका निबंधावर आम्हाला साधी बढती मिळत नाही.

मुलुंडकर: डबा बघितला. ४७१ आहे. शेजारी ४१२ पण आहे, ते कोणाचं?

लॅबवाली: गवारीच्या बियांचा डिंक. ते तरी बाईंच्या नावावर घालू नका.