लंडनच्या उपनगरातील लहान पॅरिशच्या पीसीसीत जावे का?

पंचहौदची लेक

सर्वांना जय ख्रिस्त.

माझे बालपण पुण्यातील गुरुवार पेठेत, पंचहौदच्या पवित्र नाम देवालयाच्या छायेत गेले. पाच वर्षांपूर्वी आम्ही दक्षिण लंडनच्या एका उपनगरात राहायला आलो. घरापासून दहा मिनिटांवर, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात विटांनी बांधलेले एक साधे अँग्लिकन चर्च आहे. रविवारच्या प्रभुभोजनाला चाळीस-पंचेचाळीस माणसे असतात, आणि त्यांतील निम्म्यांनी सत्तरी ओलांडलेली आहे. बाकीच्यांत घाना व नायजेरियाची कुटुंबे आहेत, केरळचे एक जोडपे आहे, आणि तीस वर्षे एकत्र राहणारे दोन गृहस्थ आहेत, ज्यांच्यापैकी एक ऑर्गन वाजवतात. शास्त्रवाचन बहुधा चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या एक बाई करतात. दारावरच्या फलकावर हे चर्च सर्वसमावेशक असल्याचे लिहिलेले आहे.

येत्या वार्षिक सभेत मी पीसीसीच्या, म्हणजे पॅरिशच्या (एका चर्चच्या ठरलेल्या परिसराच्या) कार्यकारी मंडळाच्या, निवडणुकीस उभे राहावे, असे आमच्या व्हिकरबाईंनी, म्हणजे पॅरिशच्या पाळकबाईंनी, सुचवले आहे. गावाकडच्या पास्टरेट कमिटीतील भांडणे लहानपणी घरातच ऐकल्यामुळे माझे पाऊल अडखळते. त्याखेरीज दोन शंका आहेत. आमच्याकडे मिशन म्हटले की शाळा, दवाखाना, वसतिगृह डोळ्यांसमोर येते. इथे मात्र लहान मुलांचा खेळगट, बुधवारचा चहा, अन्नधान्याच्या पिशव्या आणि अंत्यविधी यांपलीकडे मला काही दिसत नाही. याला मिशन म्हणायचे का? दुसरे असे की, फलकावरचा तो शब्द आईला फोनवर समजावून सांगताना माझी तारांबळ उडाली. हा एका व्हिकरचा उत्साह आहे की चर्चची अधिकृत भूमिका आहे? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे.

जुना खजिनदार

ताई, उत्तर लंडनच्या एका उपनगरात मी नऊ वर्षे पीसीसीचा खजिनदार होतो. आधी नियमांचे सांगतो, कारण शंका बहुतेक तिथेच मिटतात.

चर्च ऑफ इंग्लंडच्या, म्हणजे इथल्या अँग्लिकन चर्चच्या, पॅरिशला हद्द असते, आणि त्या हद्दीत राहणारा प्रत्येक माणूस, मग तो चर्चची पायरी चढो वा न चढो, व्हिकरच्या जबाबदारीत येतो. पॅरिशमधील रहिवाशाला तिथल्या चर्चमध्ये विवाह करण्याचा हक्क कायद्यानेच आहे. बाप्तिस्मा आणि अंत्यविधी यांसाठीही तो हक्काने येऊ शकतो. आपल्याकडे मंडळी म्हणजे सभासदांची यादी. इथे यादीत चाळीस नावे असतील आणि पॅरिशमध्ये बारा हजार माणसे राहत असतील, तर व्हिकरचे काम त्या बारा हजारांचे असते. हे लक्षात आले की अंत्यविधींकडे पाहण्याची दृष्टी बदलते. ज्या घरात गेल्या दोन पिढ्यांत कुणी प्रार्थना म्हटलेली नाही, त्या घरी जाऊन तासभर बसायचे, गेलेल्या आजीला काय आवडायचे ते विचारायचे, आणि चार दिवसांनी तिच्या नावाचा उच्चार न चुकता तिला निरोप द्यायचा, हे काम मी जवळून पाहिले आहे. मिशनची याहून वेगळी व्याख्या मला नको आहे.

आता पीसीसी. चर्चच्या मतदारयादीत सहा महिने नाव असलेली, गेल्या वर्षभरात निदान तीनदा प्रभुभोजन घेतलेली आणि सोळा वर्षांवरील कोणतीही व्यक्ती उभी राहू शकते; सूचक व अनुमोदक लागतो. आपण सीएनआयच्या, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या, आणि १९७० साली नागपूरला स्थापन झालेली ती मंडळी अँग्लिकन सहभागितेतीलच असल्यामुळे, यादीत नाव येण्यास अडचण नसावी. ही यादी दर सहा वर्षांनी कोरी करून नव्याने लिहितात; शेवटची २०२५ साली झाली, तेव्हा आपण अर्ज भरला होता का, हे तपासून घ्या. मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते.

निवडून आल्यावर आपण कायद्याने धर्मादाय संस्थेच्या विश्वस्त होता, ही गोष्ट चहाच्या कपाबरोबर कोणी सांगत नाही. हिशेबावर सही करणाऱ्यांइतकीच जबाबदारी गप्प बसणाऱ्यांचीही असते. मुले आणि दुर्बल व्यक्ती यांच्या सुरक्षिततेचे प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि ते कंटाळवाणे वाटले तरी मनापासून घ्यावे. या बाबतीत चर्चने पूर्वी केलेल्या हयगयीची किंमत फार लोकांनी मोजली आहे. दर पाच वर्षांनी वास्तुविशारद इमारतीची तपासणी करून अहवाल देतो, आणि त्या अहवालात छप्पर नेहमीच "तातडीचे" असते. भिंतीवर साधी फळी ठोकायची म्हटले तरी बहुधा धर्मप्रांताकडून (एका बिशपच्या हाताखालील अनेक पॅरिशच्या क्षेत्राकडून) लेखी मंजुरी आणावी लागते.

पैशाचे गणित असे. व्हिकरचे मानधन धर्मप्रांत देतो आणि त्यासाठी प्रत्येक पॅरिश धर्मप्रांताला वार्षिक वाटा पाठवते. धर्मप्रांतागणिक त्याचे नाव आणि रीत बदलते. चाळीस माणसांच्या पॅरिशला एका पूर्णवेळ व्हिकरचा खर्च पेलत नाही, हे सर्वांना ठाऊक असते, म्हणून श्रीमंत उपनगरांच्या वाट्यातून गरीब पॅरिश तगतात. करदात्याने एक पौंड दिला तर गिफ्ट एडमधून सरकारकडून आणखी २५ पेन्स मिळतात. त्या अर्जाचे कागद आमच्या आज्यांकडून भरून घेण्यात माझी दोन वर्षे गेली, आणि त्यातून बॉयलर आला. हॉलचे भाडे हा दुसरा आधार. आमच्याकडे सोमवारी योग, मंगळवारी मद्यमुक्तीचा गट, गुरुवारी नृत्यवर्ग असे. रविवारच्या दानार्पणापेक्षा त्या हॉलची कमाई जास्त होती, असे मी इथे लिहिले तर जुने चर्चवॉर्डन, म्हणजे मंडळीने निवडलेले पदाधिकारी, मला क्षमा करतील.

फलकाविषयी. इन्क्लुसिव्ह चर्च, म्हणजे सर्वसमावेशक चर्च, या नावाचे जाळे २००३ साली उभे राहिले. पाळक जेफ्री जॉन यांची रेडिंगच्या बिशपपदी झालेली नियुक्ती, ते समलिंगी असल्याच्या वादातून, त्यांना सोडून द्यावी लागली होती, त्या अस्वस्थतेतून पटनीच्या सेंट मेरी चर्चमध्ये काही लोक जमले. सर्वांना मताचा अधिकार असावा की नाही, यावर क्रॉमवेलच्या सैनिकांनी १६४७ साली ज्या चर्चमध्ये वाद घातला, तेच हे चर्च. एखाद्या पॅरिशला या जाळ्यात यायचे असेल तर पीसीसीला ठराव करावा लागतो. म्हणजे तो फलक एकट्या व्हिकरबाईंचा नाही. आपल्या आधी त्या टेबलाभोवती बसलेल्यांनी हात वर केले म्हणून तो तिथे आहे. त्या निवेदनात लैंगिकतेबरोबरच वंश, लिंग, अपंगत्व, मानसिक आरोग्य आणि आर्थिक परिस्थिती यांचाही उल्लेख आहे, जो वादाच्या भरात लोक विसरतात. मात्र ती संपूर्ण चर्चची अधिकृत भूमिका आहे असे आईंना सांगू नका. शेजारच्याच पॅरिशने स्त्री-पाळक नको असा ठराव केलेला असू शकतो. २०१४ साली स्त्रियांना बिशप होण्याची वाट मोकळी करताना तशी सोय मुद्दाम ठेवली गेली. एकाच धर्मप्रांतात दोन्ही नांदतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये चर्चच्या सर्वोच्च पदासाठी, म्हणजे कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी, सारा मुलाली यांचे नाव जाहीर झाले, तरी त्या पॅरिशना त्यांचा ठराव ठेवता येतो.

वंशाच्या प्रश्नाबद्दल एक सांगतो. आमच्या चर्चमध्ये जमैकाहून आलेल्या एक आजी पहिल्या बाकावर बसत. पन्नाशीच्या दशकात, अँग्लिकन म्हणून वाढलेल्या त्या तरुण मुलीला लंडनमधील एका चर्चच्या दारात हस्तांदोलन करून, पुन्हा न आल्यास बरे होईल असे सौजन्याने सांगण्यात आले होते. अशा वागणुकीबद्दल जनरल सिनॉडने, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या सर्वोच्च सभेने, फेब्रुवारी २०२० मध्ये माफी मागितली. ती बातमी मी आजींना वाचून दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, आणि पुढच्या रविवारी फुलांची पाळी कुणाची आहे, असे विचारले.

शनिवारची शाळा

मी ख्रिस्ती नाही, तरी लिहिते, कारण वरच्या बारा हजारांतील मी एक आहे. आमच्या उपनगरात मुलांचा मराठी वर्ग दर शनिवारी पॅरिशच्या हॉलमध्ये भरतो. माझी मुलगी सहा महिन्यांची असताना, घरात दिवसभर बोलायला कोणी नसताना, मी त्या चर्चच्या खेळगटात प्रथम गेले. माझा धर्म कोणी विचारला नाही. चहात साखर किती, एवढेच विचारले. ज्यांना हे काम मिशनच्या मानाने किरकोळ वाटते, त्यांनी परदेशातील पहिल्या बाळंतपणानंतरचा नोव्हेंबर महिना आठवून पाहावा.

एक प्रसंग मात्र सांगायला हवा. तीन वर्षांपूर्वी आम्ही त्या हॉलमध्ये गणपती बसवण्याची परवानगी मागितली. पीसीसीने दोन बैठका चर्चा करून कळवले की मुलांचा कार्यक्रम, गाणी, जेवण यांना हॉल आनंदाने देऊ, परंतु पूजा व प्रतिष्ठापना यांना देता येणार नाही. आमच्यातील काहींना राग आला आणि "मग सर्वसमावेशक कसले?" असे शब्द निघाले. मला तो नकार प्रामाणिक वाटला. त्यांनी आपले घर कोणाचे आहे ते लपवले नाही, आणि पाहुण्यांना दार बंदही केले नाही. गणपती आम्ही एका घरी बसवला, आणि संध्याकाळच्या कार्यक्रमाला व्हिकर स्वतः येऊन मोदक खाऊन गेले. ताई, आपण पीसीसीत गेलात तर असे अर्ज आपल्यापुढे येतील, आणि तिथे दोन्ही बाजूंची भाषा समजणारे माणूस असणे फार उपयोगाचे आहे.

यारेच्या काठावरून

यारा नदीकाठच्या मेलबर्नहून थोडक्यात लिहितो. इथे पॅरिशला आपल्या पाळकाचा पगार स्वतःच उभा करावा लागतो, त्यामुळे लहान मंडळीकडे पाळक आठवड्यातून अडीच-तीन दिवसच असतो आणि उरलेले दिवस सभासद सांभाळतात. सिडनीच्या धर्मप्रांतात स्त्रियांना आजही प्रीस्टपदाची दीक्षा दिली जात नाही. आमच्याकडे ती १९९२ पासून दिली जाते. देश एक, चर्च एक, आणि विमानाने दीड तासाचे अंतर. त्यामुळे उपनगरातील लोक पॅरिश निवडताना नकाशाकडे पाहत नाहीत, फलकाकडे पाहतात, आणि त्यात एक धोका आहे: आपल्याच मताची माणसे एकत्र जमतात आणि त्यालाच समावेश म्हणू लागतात. आमच्या सर्वसमावेशक म्हणवणाऱ्या मंडळीत पुराणमतवादी विचाराचे एक सुदानी कुटुंब वर्षभर आले. कोणी त्यांना वाईट बोलले नाही, पण कोणी जेवायलाही बोलावले नाही. ते गेले. खजिनदारसाहेबांनी याबाबत काही लिहिले तर आवडेल.

पंचहौदची लेक

सर्वांचे आभार. यारेकाठच्या दादांचा मुद्दा मनाला लागला, कारण आमच्या चर्चमधील नायजेरियन कुटुंबे ऑर्गनवादक गृहस्थांशी आदराने वागतात, परंतु त्यांच्या नात्याविषयी काय मानतात हे त्यांनी कधी सांगितलेले नाही, आणि आम्हीही विचारलेले नाही. या दोघांचा विवाह आमच्या चर्चमध्ये होऊ शकतो का, आणि पीसीसीला त्यावर मत द्यावे लागते का?

जुना खजिनदार

विवाह होऊ शकत नाही. इंग्लंडमध्ये समलिंगी विवाहाचा कायदा २०१३ साली झाला, पण चर्च ऑफ इंग्लंडला त्यातून स्पष्टपणे वगळले आहे. स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने २०१७ साली परवानगी दिली, ते वेगळे चर्च आहे. इथे डिसेंबर २०२३ पासून अशा जोडप्यासाठी नेहमीच्या रविवारच्या उपासनेत आशीर्वादाच्या प्रार्थना म्हणता येतात. त्या म्हणायच्या की नाही हे पाळकाच्या सद्सद्विवेकावर सोपवलेले आहे, आणि कोणत्याही बाजूने सक्ती करता येत नाही. शहाण्या व्हिकर तरीही पीसीसीशी आधी बोलतात.

यारेकाठच्या दादांना माझ्याजवळ समाधानकारक उत्तर नाही. आमच्याकडे असेच एक कुटुंब होते आणि ते राहिले, पण त्याचे श्रेय धोरणाला देता येणार नाही. त्या घरचे वडील आणि आमचे एक समलिंगी चर्चवॉर्डन दर शनिवारी मिळून छपराच्या पन्हळी साफ करत. दोघांचे मतभेद अखेरपर्यंत कायम होते, आणि शिडी कोणी धरायची यावर ते अधिक भांडत.

आईंसाठी एक आठवण देतो. आपल्या पंचहौदशी संबंधित, इंग्लंडमधील वाँटेज गावच्या मठवासी भगिनींच्या आश्रयाने पंडिता रमाबाई इंग्लंडला आल्या आणि १८८३ साली त्यांनी वाँटेजला अँग्लिकन बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी चेल्टनहॅमला पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विचार निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली, आणि रमाबाईंनी त्या हरकतीला पत्रांतून सडेतोड उत्तरे दिली. चर्चच्या आत राहून चर्चशी वाद घालणे ही इंग्रजी फॅशन आहे असे आईंना वाटत असेल, तर आपल्या माणसांनी ते आधीच केलेले आहे, एवढे त्यांना सांगा.

पंचहौदची लेक

आईला वाचून दाखवले. "रमाबाईंना कोण अडवणार होते," एवढेच म्हणाली, आणि मग व्हिकरबाईंना स्वयंपाक येतो का, असे विचारले. अर्ज घेतला आहे. गेल्या तीन वर्षांचे हिशेब आणि इमारतीचा शेवटचा अहवाल मागितला, तेव्हा चर्चवॉर्डन थोडे चपापले, पण कागद मिळाले. खजिनदारकाका, छप्पर खरोखरच "तातडीचे" आहे. सूचक म्हणून ऑर्गनवादकांनी सही केली. अनुमोदनासाठी रविवारी नायजेरियन मावशींना विचारणार आहे.