मेळाव्याआधी बिटलॉकरची की लिहून आणायला सांगा

भाऊ, जळगावच्या लिनक्स इन्स्टॉल मेळाव्यात प्रत्येकाने तिथेच आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) उतरवावी, हे मला पटत नाही. लिनक्स मिंटची फाइलच ३ जीबीच्या आसपास जाते, वायफाय गुदमरेल. व्हेंटॉय (एकाच पेनड्राइव्हवरून अनेक आयएसओ चालवणारं साधन) टाकलेले पेनड्राइव्ह आदल्या रात्रीच तयार ठेवा. जुन्या ३२ बिट मशीनसाठी त्यात डेबियन १२ हे लिनक्स हवंच, डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीचा इन्स्टॉलर नाही.

खरी काळजी बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर ते आपोआप चालू असतं. लिनक्ससाठी सिक्युअर बूट (फक्त सही असलेली सिस्टिम सुरू होऊ देणारी सेटिंग) बंद केलं की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. धुळे-नंदुरबारहून येणाऱ्यांना आजच फोन करा. एवढ्या लांबून येऊन कुणाच्या पोरीचा प्रोजेक्ट अडकायला नको.

आणि बॅटरी गेलेले लॅपटॉप यूपीएसवरच लावा. इन्स्टॉल मधेच असताना लाइट गेली तर अवघड होईल.