रातपाळीनंतर दिवसा झोपलं तर मेंदूची सफाई होते का?

सुनंदा (सोलापूर): मिस्टर अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात रातपाळी करतात. आठला येऊन चहा घेतात अन् झोपतात. नळाला पाणी यायचा दिवस असला की साडेनऊला उठवावंच लागतं. मग दुपारी पुन्हा झोपतात, पण पत्र्याचं घर, शेजारी माग चालू. गाढ झोपेत मेंदूतला कचरा धुऊन निघतो म्हणतात. अशा तुटक झोपेत निघतो का? सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे, म्हणून जास्तच काळजी वाटते.

सर_अशोक चौक: ताई, मी नर्सिंगच्या मुलींना शरीरशास्त्र शिकवतो. मेंदूभोवती पाण्यासारखा द्रव असतो, साधारण १५० मिली. तो रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने आत शिरतो, पेशींमधल्या फटींतून जातो आणि बीटा-अमायलॉइडसारखी टाकाऊ प्रथिनं घेऊन बाहेर पडतो. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजारात साचतं ते हेच प्रथिन. २०१३ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाला उंदरांत दिसलं, की झोपेत या फटींची जागा सुमारे ६० टक्क्यांनी वाढते. माणसांत २०१९ ला बोस्टनमध्ये एमआरआयवर गाढ झोपेतल्या या द्रवाच्या लाटाच दिसल्या.

आता तुमचं. गाढ झोप जास्त करून पहिल्या दोन-तीन तासांत लागते, दिवसा झोपलं तरी. साडेनऊला उठवता म्हणजे नेमकी तीच मोडते. पाण्याच्या दिवशी दुसरं कुणीतरी भरा, नाहीतर त्यांना पाणी झाल्यावरच झोपू द्या. आणि रातपाळी केली म्हणून स्मृतिभ्रंश होतोच असं नाही, तेवढी धास्ती घेऊ नका.

जुना_मागवाला: वहिनी, मी पण रातपाळ्या काढल्यात. खिडकीला जाड चादर दुहेरी करून लावा, कानात कापूस घाला. पहाटे चारनंतर चहा बंद. आमच्यातले काहीजण झोपेच्या गोळ्या घ्यायचे. सर, ते बरं का?

सर_अशोक चौक: डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. २०२५ मध्ये झोल्पिडेम हे झोपेचं औषध दिलेले उंदीर झोपले लवकर, पण द्रवाचा प्रवाह मंदावला.

वाचक_होटगी रोड: पण झोपेत निचरा उलट कमी होतो असंही संशोधन आलंय ना?

सर_अशोक चौक: हो, २०२४ चं, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचं, तेही उंदरांवर. मोजायच्या पद्धतीवरून वाद चालू आहे. पण एका रात्रीच्या जागरणाने माणसाच्या मेंदूत बीटा-अमायलॉइड वाढलेलं २०१८ मध्ये स्कॅनवर दिसलंय. वाद मिटेपर्यंत थांबू नका ताई, त्यांची ती पहिली झोप मोडू देऊ नका.