टेक्सास हायस्कूल फुटबॉल: चौथ्या नंबरालाही प्लेऑफ?

डॅलसची आई: लेक ६ए मध्ये, म्हणजे सर्वात मोठ्या शाळांच्या वर्गात, अमेरिकन फुटबॉलचा लाइनमन (पुढच्या फळीतला खेळाडू) आहे. प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून (आपसात साखळी सामने खेळणाऱ्या शाळांच्या गटातून) चार संघ, ३२ डिस्ट्रिक्ट, म्हणजे १२८ संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेऱ्यांत! परवा पहिल्याच फेरीत चौथ्या नंबरच्या पोरांचा पार धुव्वा उडाला. हाफटाइमलाच बाकं रिकामी, एक पोरगा हेल्मेट न काढताच रडत होता. दोनच संघ का पाठवत नाहीत?

उत्तर: पण त्या चौघांतल्या मोठ्या पटाच्या दोन शाळा डिव्हिजन १ मध्ये, लहान दोन डिव्हिजन २ मध्ये जातात, म्हणजे प्लेऑफ दोन वेगळे होतात. तेवढा तरी न्याय आहे.

डॅलसची आई: पट म्हणजे ताकद नव्हे हो!

दुसरं उत्तर: दक्षिण कॅलिफोर्नियात प्लेऑफचे गट पटावरून नाही, संघाच्या कामगिरीवरून पाडतात. इथेही तेच हवं. चौथी जागा मात्र काढू नका, तिच्यामुळेच शेवटच्या आठवड्यापर्यंत पोरं जिवावर उदार होऊन खेळतात.