मदत हवी आहे : तरुण संघासाठी याकोबाच्या पत्राचा अभ्यास

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

आमच्या मंडळीतल्या तरुण संघात पुढच्या महिन्यात बायबलच्या नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय घ्यायचा आहे. उघड्या, उपाशी बंधूला किंवा बहिणीला ‘सुखाने जा’ म्हणायचं आणि हातावर काहीच ठेवायचं नाही, अशा विश्वासाला याकोब निर्जीव म्हणतो. मुलांना हे पाठ आहे. त्यांची अडचण सोमवारपासून सुरू होते.

एक जण किराणा दुकानात कामाला आहे, मालक माप कमी द्यायला सांगतो. नोकरी सोडली तर घरात दुसरी कमाई नाही. एका मुलीचं भावाशी जमिनीवरून बोलणं बंद आहे आणि तिला प्रभुभोजन (उपासनेत भाकर-द्राक्षारस घेण्याचा विधी) घेताना अवघडल्यासारखं होतं (‘आधी भावाशी समेट कर, मग अर्पण वाहा’ हे मत्तय 5:23-24 तिनेच मला दाखवलं). यांना नुसतं ‘प्रार्थना करा’ सांगणं मला पटत नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण घेणार आहे. 1896-97च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली, विधवा आणल्या आणि केडगावला त्यांना अन्नाबरोबर शिक्षण, हातचं कामही दिलं. पण मुलं म्हणतात, त्या थोर होत्या, आम्ही साधी माणसं. बायबलमधला जकातदार जक्कय मला जास्त जवळचा वाटतो. त्याने फसवलेल्यांना चौपट परत करतो म्हटलं, म्हणजे विश्वास थेट पैशाच्या हिशेबात उतरला.

पाळक, शिक्षक, नोकरदार, कोणीही सांगा : मालकाच्या अशा हुकुमाला तुम्ही प्रत्यक्ष काय उत्तर दिलंत? आणि तुमच्या घरात असं भांडण झालं तेव्हा भावाकडे आधी कोण गेलं, काय बोललं?